हानोफरमधल्या अनोळखी मंडळींचे आभार

जर्मनीतल्या या शहरात काही काळ राहून टाकाऊ वस्तूंतून कलाकृती करायची माझी रेसिडेन्सी संपली, प्रदर्शनही झालं. ज्यांची नावं विचारायची राहिली, त्यांच्यासाठी हे.

लाइने नदीकाठच्या शनिवारच्या जुन्या बाजारातल्या आजी, तुम्ही गंजक्या किल्ल्यांचा आख्खा डबा हातात ठेवलात आणि पैसे घेतलेच नाहीत. कुलपं कधीच गेली, म्हणालात. त्या किल्ल्यांचा पडदा झाला. लोक तोच हलवून हलवून बघत होते. सायकल दुरुस्तीवाले काका, तुटके स्पोक आणि चेन बादलीत साठवून ठेवल्याबद्दल धन्यवाद. ‘घेऊन जा’ अशी चिठ्ठी लावून फुटपाथवर ड्रॉवर ठेवणारे, तुम्ही कोण ते कळलंच नाही. भंगारवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या मला हा प्रकार पचायला वेळ लागला!

कुर्ट श्विटर्स हा चित्रकारही याच गावचा. १९१९ पासून तो ट्रामची तिकिटं, वेष्टनं, लाकडाचे तुकडे चिकटवून चित्रं करायचा. घरात त्याने उभारलेली रचना १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात गेली. श्प्रेंगल संग्रहालयात तिच्या एका खोलीची प्रतिकृती आहे. ती निवांत बघू देणाऱ्या तिथल्या रक्षक ताई, तुमचेही आभार.

आणि खुर्चीच्या सांगाड्यासकट मला ट्राममध्ये घेणारे चालकदादा, तुमचे सगळ्यात जास्त.