फोनमधल्या कागदपत्रांची दुसरी प्रत घरातच ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरडून गेलेल्या वावराचे पंचनाम्याच्या वेळचे फोटो, बियाण्याचं बिल आणि पिशवीवरचा लॉट नंबर, पीक विम्याची पावती, ई-पीक पाहणीचा स्क्रीनशॉट, जिनिंगची काटापट्टी, बँकेचे मेसेज. विदर्भातल्या खेड्यांत घरातले बरेचसे कागद आता फोनमध्येच असतात आणि त्यांची दुसरी प्रत सहसा कुठेच नसते. फोन विहिरीत पडला किंवा एसटीत राहिला की सगळं एकदम जातं.

यावर सरसकट दिला जाणारा सल्ला म्हणजे क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या यंत्रावर प्रत ठेवणं. पण गुगलची फुकट जागा १५ जीबी, तीही मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. १ जून २०२१ पासून चढवलेले फोटो त्यातच मोजले जातात आणि अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४ पासून त्याच जागेत बसतो. फोनमध्ये ६० जीबी साठले असतील आणि पॅक रोज दीड जीबीचा असेल, तर सगळं वर चढवायला ४० दिवस लागतील, तेही दुसऱ्या कशालाच डेटा न वापरता. तेच ६० जीबी घरातल्या वाय-फायवरून लॅपटॉपवर घ्यायला, सेकंदाला ५ एमबीचा वेग धरला तरी, साडेतीन तास पुरतात. त्यात इंटरनेट लागत नाही. दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉटही चालतो.

लॅपटॉप नवा घेण्याची गरज नाही. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, त्यामुळे असे कितीतरी लॅपटॉप घरोघरी कपाटात पडून आहेत. त्यावर विंडोजच्या जागी डेबियन लिनक्स ही फुकट प्रणाली टाकावी. फक्त यंत्र ६४ बिटचं आहे ना ते आधी पाहावं, कारण डेबियन १३ पासून ३२ बिटच्या यंत्रांसाठी इन्स्टॉलर मिळत नाही. इन्स्टॉल करतानाच डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा, म्हणजे तिला पासवर्डचं कुलूप लावण्याचा, पर्याय निवडावा. आधार आणि पासबुकाचे फोटो त्यात असणार, आणि लॅपटॉप चोरीला जाऊ शकतो. हा पासवर्ड विसरलात तर कोणीही डिस्क उघडून देऊ शकत नाही, म्हणून तो कागदावर लिहून सातबारा जिथे ठेवता त्याच पेटीत ठेवा.

आता मुख्य सॉफ्टवेअर. सिंकथिंग हे दोन यंत्रांतली फोल्डरं आपोआप सारखी ठेवतं (यालाच सिंक म्हणतात); ते मुक्त स्रोत आणि फुकट आहे; दोन यंत्रं एकमेकांशी थेट बोलतात, मध्ये कोणाचं खातं लागत नाही. त्याच्या मूळ अँड्रॉइड ॲपचं काम डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, म्हणून फोनवर एफ-ड्रॉइड या मुक्त स्रोत ॲपच्या दुकानातून सिंकथिंग-फोर्क घ्यावं. लॅपटॉपवर सिंकथिंग बसवलं की तिथल्या ब्राउझरमध्ये localhost:8384 या पत्त्यावर (पोर्ट ८३८४) त्याचं पान उघडतं. तिथला क्यूआर कोड फोनने स्कॅन करायचा, लॅपटॉपवर होकार द्यायचा आणि कॅमेऱ्याचं फोल्डर जोडायचं. फोनवर त्या फोल्डरचा प्रकार 'सेंड ओन्ली' (फक्त पाठवणं), लॅपटॉपवर 'रिसीव्ह ओन्ली' (फक्त घेणं). दोन्ही यंत्रं एकाच वाय-फायवर असून एकमेकांना दिसत नसतील, तर राउटरमध्ये यंत्रांना एकमेकांपासून तोडणारं 'एपी आयसोलेशन' चालू आहे का ते पाहा.

सगळ्यात मोठा घात होतो तो पुढे. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोन भरला म्हणून फोटो पुसले की सिंकथिंग ते लॅपटॉपवरूनही पुसतं. 'रिसीव्ह ओन्ली' ठेवल्याने हे टळत नाही. त्यासाठी लॅपटॉपवरच्या फोल्डरला 'फाइल व्हर्जनिंग', म्हणजे जुन्या प्रती राखण्याची सोय, लावावीच लागते. त्यात 'ट्रॅश कॅन' निवडून दिवसांच्या जागी ० लिहिलं, तर पुसलेली फाइल एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाते आणि आपण हात लावेपर्यंत तिथेच राहते. तरीही तेवढ्यावर विसंबू नये. महिन्यातून एकदा ते फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर वर्षवार फोल्डर करून साधे कॉपी करावेत, दहा-बारा उघडून पाहावेत आणि मगच फोनवरून पुसावेत. ती डिस्क एरवी लॅपटॉपला लावून ठेवू नये. शक्य असेल तर ती दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा मामाकडे असावी.

दुसरी अडचण फोनकडून येते. बॅटरी वाचवण्यासाठी बरेच फोन मागे चालणारं ॲप बंद पाडतात. सिंकथिंग उघडलं की जोडणी होते आणि स्क्रीन बंद केली की तुटते, हे त्याचं लक्षण. सेटिंगमध्ये या ॲपसाठी बॅटरीचं बंधन काढावं आणि 'ऑटोस्टार्ट' चालू करावं.

नुकसानीच्या फोटोंबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे. फोटोच्या फाइलमध्ये काढल्याची वेळ आणि, कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर, अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि ही नोंद निघून जाते; 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर टिकते. म्हणजे ग्रुपवर टाकलेला फोटो ही मूळ फोटोची प्रत नव्हेच. अँड्रॉइड १० पासून आणखी एक गोष्ट झाली आहे. फोटोचं ठिकाण वाचायची परवानगी नसलेल्या ॲपला फोन अक्षांश-रेखांश गाळून फोटो देतो. त्यामुळे कोणतंही ॲप वापरा, पहिल्याच दिवशी लॅपटॉपवर आलेला एक फोटो उघडून गुणधर्मांत ठिकाण दिसतं का ते तपासा.

व्हॉट्सॲपच्या गप्पांची प्रत फोनमध्ये रोज पहाटे २ वाजता बनते आणि गेल्या सात दिवसांच्या प्रती राहतात. जागा अशी: 'अँड्रॉइड', त्यात 'मीडिया', त्यात व्हॉट्सॲपचं फोल्डर, त्यात 'डेटाबेसेस'. हे फोल्डर आणि शेजारचं 'मीडिया' अशी दोन्ही सिंक करावीत, कारण फोटो आणि आवाजाचे मेसेज पहिल्यात नसतात. नव्या फोनवर तोच नंबर टाकण्याआधी ही फोल्डरं त्याच जागी ठेवायची. व्हॉट्सॲपमध्ये एन्ड-टू-एन्ड (कुलूपबंद) बॅकअप लावलेला असेल तर पासवर्ड किंवा ६४ अक्षरी किल्लीशिवाय ती प्रत उघडणार नाही. एसएमएस बाहेर काढायला एफ-ड्रॉइडवर ॲप मिळतं. संपर्क महिन्यातून एकदा फाइल करून सिंकच्या फोल्डरमध्ये टाकले की पुरे. बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपमधली माहिती मात्र अशी निघत नाही. ती ॲप नव्या फोनवर पुन्हा नोंदवावी लागतात, म्हणून खात्याचे उतारे पीडीएफ करून ठेवणं हाच मार्ग.

चेहऱ्यानुसार, तारखेनुसार फोटो शोधायची सोय हवी असेल तर इमिच हे घरच्या यंत्रावर चालणारं फोटोंचं सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण त्याला रॅम जास्त लागते आणि त्याचा डेटाबेस वेगळा असतो. नुसत्या फोटोंची प्रत ठेवली तर अल्बम आणि नावं परत मिळत नाहीत. सुरुवात यापासून करू नये, असं मला ठामपणे वाटतं.

लाइन आणि ऊन, या दोन गोष्टींचा विचार आपल्याकडे वेगळा करावा लागतो. लॅपटॉपची बॅटरी शाबूत असेल तर तोच स्वतःचा इन्व्हर्टर. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक स्वस्त वाटतो, पण लाइन गेली की तो तत्क्षणी बंद पडतो आणि त्या वेळी लिहिणं चालू असेल तर मेमरी कार्ड बिघडू शकतं. त्याच्या 'पाय ४' या मॉडेलच्या चारही यूएसबींना मिळून १.२ अँपिअरच मिळतो, त्यामुळे फिरती हार्ड डिस्क मध्येच सुटू शकते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर टिनाच्या खोलीत यंत्र ठेवू नये, आणि कूलरच्या झोतातही नाही. ती हवा दमट असते. सतत चार्जिंगला लावलेली बॅटरी उन्हाळ्यात फुगू शकते. टचपॅड वर आलेला दिसला की यंत्र बंद करून जाणकाराकडून बॅटरी काढून घ्या. ज्या लॅपटॉपला सोय आहे तिथे चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर बांधावी. विजा कडाडू लागल्या की प्लग काढा, सोबत राउटरची केबलही.

खर्च विजेचा. १५ वॉटचं यंत्र चोवीस तास चाललं तर महिन्याला सुमारे ११ युनिट. रोज रात्री आठ तासच ठेवलं तर साडेतीनच्या आसपास. सिंकला तेवढा वेळ भरपूर होतो. मुलगी शिकायला पुण्याला असेल तर तिचा फोनही याच लॅपटॉपला जोडता येतो. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून थेट घरात शिरता येत नाही, पण सिंकथिंग अशा वेळी मधल्या रिले सर्व्हरवरून कुलूपबंद माहिती नेतं. वेग कमी मिळतो, राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही. पोर्ट ८३८४ तर बाहेरच्या जगाला कधीच उघडू नये.

एक विनंती. हे सगळं बसवून द्यायला तासा-दोन तासांचं काम आहे आणि तालुक्याच्या ठिकाणची आयटीआय, महाविद्यालयं, गावातली सार्वजनिक वाचनालयं ते शिकवू शकतात. शिकवावं, पण लोकांचा डेटा स्वतःच्या यंत्रावर ठेवून घेऊ नये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती वापराला लागू होत नाही. दुसऱ्याची माहिती सांभाळणाऱ्या संस्थेला मात्र ती सवलत नाही. आपल्या दैनिकाने खरिपाच्या तोंडावर सिंकथिंगची ही मांडणी मराठीत, स्क्रीनच्या चित्रांसह, एका पानात छापली तर ते पान कापून लॅपटॉपशेजारी भिंतीवर लावता येईल.

आपला,
एक वाचक, जि. यवतमाळ