फोटो कुणी काढला ते पण छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत दक्षिण आफ्रिकेतल्या चार फोटोग्राफरांवरच्या पिक्चरबद्दल, 'द बँग बँग क्लब'बद्दल, लेख आलता. पिक्चर जुनाच आहे, २०१० चा, पण लेख वाचून राहवलं नाही म्हणून भाच्याकडून लॅपटॉपवर लावून घेतला आणि रात्री दुकान बंद करून स्टुडिओतच बसून बघितला, मधे दोनदा लाईट गेली तरी पूर्ण बघितला. लेख लिहिणाऱ्या सरांनी शेवटी विचारलंय की समोर माणूस मरत असताना ह्यांना कॅमेरा बाजूला ठेवून हात द्यावा वाटलं नाही का, आणि मग खरं गिधाड कोण? वाक्य टाळ्या घेणारं आहे. पण मी तीस वर्षांच्या वर तालुक्याच्या गावात स्टुडिओ चालवतो, त्यातली पंधरा-सोळा वर्षं पेपरांना फोटो दिले, तुमच्या पण पेपरला दिलेत, म्हणून थोडं बोलायचंय. लांबलं तर शेवटून कापा, मधूनच कापू नका.

ज्यांनी पिक्चर बघितला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मंडेला १९९० च्या फेब्रुवारीत सुटले, निवडणूक झाली १९९४ च्या एप्रिलमधे, आणि मधली चार वर्षं जोहान्सबर्गच्या भोवतालच्या काळ्या लोकांच्या वस्त्यांमधे एएनसीवाले (मंडेलांचा पक्ष) आणि इंकाथावाले (झुलू लोकांचा पक्ष) एकमेकांचे मुडदे पाडत होते. बाहेरगावाहून कामाला आलेल्या मजुरांची मोठमोठी हॉस्टेलं एकीकडं, आजूबाजूची घरं दुसरीकडं, मधला रस्ता म्हणजे सीमा. त्या रस्त्यावर ग्रेग मारिनोविच, केन ऊस्टरब्रुक, केविन कार्टर आणि झुआओ सिल्वा हे चौघं रोज सकाळी उठून जायचे. पिक्चरमधली लव्हस्टोरी अर्धी कापली असती तरी चाललं असतं, आणि ज्या वस्तीत हे सगळं घडतंय तिथल्या माणसांना बोलायला फारच कमी दिलंय, सगळं ह्या चार गोऱ्या पोरांच्या डोळ्यातून चाललंय. ही माझी तक्रार आहे. पण सरांची तक्रार वेगळी आहे.

त्यांची तक्रार कार्टरच्या सुदानमधल्या फोटोवर आहे. उपाशी लेकरू जमिनीवर वाकलंय आणि मागं गिधाड बसलंय, तो फोटो सगळ्यांनीच बघितलाय, आता तर लोकं सुविचार लिहून फॉरवर्ड करतात. न्यूयॉर्क टाइम्समधे तो २६ मार्च १९९३ ला छापून आला आणि लगेच लोकांनी विचारायला चालू केलं की पोराचं पुढं काय झालं, इतकं की चार दिवसांनी पेपरला वेगळी टीप छापावी लागली. १९९४ च्या एप्रिलमधे त्या फोटोला पुलित्झर मिळालं, अमेरिकेतलं पत्रकारितेचं सगळ्यात मोठं बक्षीस. त्याच महिन्यात १८ तारखेला थोकोझा वस्तीत गोळी लागून केन गेला, ग्रेगच्या छातीत गोळी लागली, आणि निवडणूक नऊ दिवसांवर होती. २७ जुलैला कार्टरनं स्वतःला संपवलं, वय ३३. त्यानं गिधाड हाकललं होतं असं तो सांगायचा, पण हाकललेल्या गिधाडाचा फोटो नसतो ना. असो.

आता माझं सांगतो. त्याच १९९३ साली, ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोकं उशिरा झोपलेली. मी तेव्हा मामाच्या स्टुडिओत शिकायला होतो, औशाहून मिळेल त्या ट्रकनं गेलो, गळ्यात मामाचा याशिका आणि खिशात इंदूचे ब्लॅक अँड व्हाईट रोल दोन. दगडमातीच्या दोन-दोन हात जाड भिंती आणि वर माळवद, ते सगळं माणसांवर बसलेलं. दुपारपर्यंत मी कॅमेरा काढलाच नाही, लोकांबरोबर दगडं उचलली, कारण तिथं गेल्यावर दुसरं काही सुचतच नव्हतं. मग पाऊस लागला. कॅमेरा भिजू नये म्हणून बॅगेत बघायला गेलो तेव्हा आठवलं की आपण कशाला आलोत.

एक बाई बसलेली होती, वय चाळीस असेल नाहीतर साठ, त्या दिवशी कुणाचंच वय कळत नव्हतं. मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं पोरगं, पाच-सहा वर्षांचं. मी कॅमेरा लपवायला लागलो तर म्हणली, "लपवू नको बाळा, ह्याचा एक बी फोटू न्हाई रं आमच्याकडं. येळामावशीला काढू म्हणलो होतो." येळामावशी म्हणजे वेळ अमावस्या, आमच्याकडचा शेतातला सण. मग तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. कपाळावर माती होती ती निघाली, नाकाशी वाळलेली होती ती निघंना, तर पदराचं टोक थुंकीनं ओलं करून ती काढली, बोटांनी केस एका बाजूला बसवले, आणि म्हणली, "आता काढ." उजेड नव्हता, शटर तीसवर, म्हणजे बरंच हळू, ठेवावं लागलं आणि हात थरथरत होता. फोटो हलला. तीन फ्रेम काढल्या, तिन्ही हलल्या, त्यातली एक जरा बरी.

तीन-चार आठवड्यांनी प्रिंट घेऊन गेलो तेव्हा लोकं पत्र्याच्या शेडमधे राहत होती. ती बाई लेकीकडं गेली म्हणले, कोण्या गावाला ते कुणाला सांगता आलं नाही. प्रिंट अजून माझ्या ड्रॉवरमधे आहे, लग्नाच्या अल्बमच्या बिलबुकाखाली. सरांनी विचारलंय की कॅमेरा ठेवून हात का नाही दिला. मी हात पण दिला होता साहेब, त्या हातानं कुणी जिवंत निघालं नाही. त्या बाईला माझ्याकडून फोटोच पाहिजे होता आणि तोच मला नीट जमला नाही. आमच्याकडं तेव्हा मयताचा फोटो काढायला स्टुडिओवाल्याला बोलवायचेच, त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही. त्या माणसाचा तेवढाच एक फोटो घरात राहायचा.

दुसरे जे फोटो मी त्या दिवशी काढले ते पाकिटात घालून, वर लाल पेननं 'प्रेस' लिहून औरंगाबादच्या एसटीच्या कंडक्टरजवळ दिले. तेव्हा असंच चालायचं, तिकडं स्टँडवर हापिसातलं पोरगं पाकीट घ्यायला उभं राहायचं आणि गाडी पंक्चर झाली तर बातमी शिळी. दोन फोटो छापून आले. खाली माझं नाव नव्हतं, मामाचं पण नव्हतं. फोटोमागं पंचवीस रुपये ठरले होते, ते दिवाळीनंतर मनिऑर्डरनं आले. मला तेव्हा राग आला नव्हता, खरं सांगतो, फोटो आला ह्याचाच आनंद होता आणि त्या आनंदाची लाज पण वाटत होती. कार्टरला काय वाटलं असेल ते मला तेवढ्यापुरतं कळतं, त्याच्या पुढचं नाही कळत.

आता नावाचा दुसरा किस्सा, तो जरा उलटा आहे. २००० च्या आगेमागे आमच्या गावात मिरवणुकीवरून दगडफेक झाली. मी गच्चीवरून फोटो काढले, एकात केळीचा गाडा पेटवणाऱ्या तिघांची तोंडं लख्ख आलती. त्यातलं एक पोरगं माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकाचं, त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. रात्री एसटीडीवरून पेपरच्या हापिसात फोन केला, म्हणलं फोटो घ्या पण नाव टाकू नका, मला इथंच राहायचंय. ते म्हणले बरं बरं. आणि दुसऱ्या दिवशी, आजपर्यंत कधी नाही ते, फोटोखाली ठळक अक्षरात छाया आणि पुढं माझं अख्खं नाव, आडनावासकट! सकाळी नऊला शोकेसची काच फुटली. दहाला पोलीस निगेटिव्ह मागायला आले. दुपारी दुसऱ्या बाजूचे लोक आले, आमच्यावर पडलेल्या दगडांचा फोटो का नाही काढला म्हणून. निगेटिव्ह दिल्या का नाही दिल्या ते मी इथं लिहीत नाही. त्या साली लग्नाच्या अकरा ऑर्डरी कॅन्सल झाल्या, एवढं सांगतो.

म्हणून पिक्चरमधला ग्रेगचा भाग बघताना मी उठून उभा राहिलो. १९९० च्या सप्टेंबरात सोवेटोत जमावानं एका माणसाला इंकाथाचा समजून मारला आणि जाळला, ते फोटो ग्रेगनं काढले. जमाव म्हणला फोटो काढणं थांबव, तर तो म्हणला तुम्ही मारणं थांबवा, मी फोटो थांबवतो. हे फक्त पिक्चरमधलं नाही, खरं घडलेलं आहे. त्या फोटोला १९९१ चं पुलित्झर मिळालं, आणि पोलिसांना ग्रेग साक्षीदार म्हणून पाहिजे होता. त्या काळात एपी ह्या अमेरिकन वृत्तसंस्थेला दिलेले त्याचे फोटो दुसऱ्याच नावानं जायचे. सरांच्या लेखात ह्याच्यावर एक ओळ नाही. फोटो काढताना मनाला काय होतं ह्यावर सगळे लिहितात, फोटो छापून आल्यावर त्या माणसाला त्याच गावात दूध आणायला जायचं असतं ह्यावर कोण लिहितंय?

इराणचं उदाहरण तर ह्याच्या पुढचं आहे. १९७९ च्या ऑगस्टमधे तिथं कुर्द लोकांना रांगेत उभं करून गोळ्या घालतानाचा फोटो निघाला. तेहरानच्या पेपरनं फोटोग्राफरचं नाव न टाकता छापला, का, तर त्याचा जीव वाचावा म्हणून. १९८० चं पुलित्झर त्या फोटोला मिळालं ते 'अनामिक फोटोग्राफर' म्हणून. नाव कळलं २००६ साली, जहांगीर रझमी. सत्तावीस वर्षं माणूस गप्प बसला! त्याचं नाव न छापणं आणि माझं किल्लारीला न छापणं दिसायला सारखंच, पण एका ठिकाणी माणसाचा विचार केला होता आणि दुसऱ्या ठिकाणी माणूस लक्षातच नव्हता. दुसऱ्या बाजूला आपल्या मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर सेबॅस्टियन डिसूझांनी कसाबचा फोटो काढला, नावानं काढला आणि पुढं कोर्टात उभं राहून साक्ष पण दिली. तेव्हा डिसूझा कॅमेरा ठेवून मदतीला गेले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न विचारायचा असेल तर विचारा, मला त्याचं उत्तर आवडणार नाही असं नाही.

आणि हे चौघांपुरतं पण नाही. पिक्चर आला त्याच वर्षी ऑक्टोबरात झुआओ सिल्वाचा पाय अफगाणिस्तानात कंदहारकडं सुरुंगावर पडला, दोन्ही पाय गेले. त्याच कंदहार भागात १६ जुलै २०२१ ला आपला दानिश सिद्दीकी, रॉयटर्स वृत्तसंस्थेचा फोटोग्राफर, मारला गेला. ही मोठ्या पेपरांची, एजन्सीची माणसं, ह्यांच्या मागं कुणीतरी आहे. आमच्याकडं अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ ला लाठीचार्ज झाला, ३० ऑक्टोबरला बीड-माजलगावात जाळपोळ झाली, तिथं जी तालुक्याची पोरं मोबाईल नाहीतर कॅमेरा घेऊन पळत होती त्यांच्याकडं हेल्मेट सोडा, ओळखपत्र तरी होतं का? माझ्याकडं तर पंधरा वर्षांत कधी नव्हतं.

मोबाईलचं निघालं म्हणून अजून एक. मार्च २०२५ मधे मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनाच्या आरोपपत्रातले फोटो बाहेर आले तेव्हा आमच्या दुकानात दोन माणसं बाकड्यावर बसून ते बघत होती आणि दोघं पण रडत होती. ते फोटो कोण्या फोटोग्राफरनं काढलेले नव्हते, मारतानाच मोबाईलवर काढले गेलते असं आरोपपत्रात आहे. सरांना गिधाडच शोधायचं असेल तर तिकडं शोधावं, बाहेरून येऊन रस्त्याच्या मधोमध उभं राहणारा माणूस आणि हे एकाच पंगतीत बसवू नये. मला ह्याच्यावर जास्त लिहवत नाही.

मागणी साधी आहे साहेब. फोटो छापायच्या आधी काढणाऱ्याला एक फोन करा, नाव टाकू का नको एवढं विचारा. टाक म्हणला तर टाका, आणि नको म्हणला तर त्या दिवशी तरी खरंच टाकू नका. दंगलीत पाठवायचा असेल तर ओळखपत्र द्या, विम्याचा हप्ता भरा, महिन्याला एका जाहिरातीच्या पैशात बसतं ते. आणि पैसे दिवाळीच्या आधी द्या. आणि हो, सरांच्या त्या लेखासोबत पाव पान भरून दंगलीचा फोटो छापलाय, टायर जळतंय आणि पुढून पोरं पळतायत, अँगल बघून तर आपल्याच भागातला वाटतो. त्याच्या खाली 'संग्रहित' एवढंच लिहिलंय.

सोबत माझं नाव, पत्ता आणि फोन नंबर वेगळ्या कागदावर जोडलाय. पत्राखाली छापायचं का नाही ते मला फोन करून विचारा, संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा दुकानात गर्दी असते.

आपला,
एक फोटो स्टुडिओवाला, जि. लातूर