केतकीस, पुलाच्या प्रोग्रामबद्दल

गावभाग, सांगली

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू मधेच फोन ठेवलास, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. बाबा गुरुवारी पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर हे पत्र आणि भडंग देते. भडंगात शेंगदाणे जास्त घातलेत. पत्रात फक्त प्रोग्रामचं आहे.

कृष्णेवरच्या पुलाचं चित्र काढणाऱ्या तुझ्या पायथन प्रोग्रामची फाइल मी शेवटपर्यंत वाचली. आयर्विन पूल बघताक्षणी ओळखू येतो, पाणीपातळीची पट्टीही तू बरोबर जागी लावलीस. पण कमानी काढायला एकच ओळ पुन्हा पुन्हा उतरवलीस आणि दर वेळी आकडे हाताने बदललेस. ‘चालतंय ना, मग झालं,’ म्हणालीस. चालतंय, कबूल. उद्या तुमच्या सरांनी कमान दहा पिक्सेल रुंद करायला सांगितली, तर पहिलीच्या पुढची प्रत्येक कमान तुला सरकवावी लागेल, आणि एक आकडा चुकला की पूल तुटलेला दिसेल. मला फोनवर एवढंच सांगायचं होतं.

क्लास म्हणजे साचा, असं सगळीकडे शिकवतात. चकलीच्या सोऱ्याइतपत ते ठीक आहे. पण चकली तेलात पडली की तिचा सोऱ्याशी संबंध संपतो. क्लासपासून बनलेल्या वस्तूचा, म्हणजे ऑब्जेक्टचा, संपत नाही. कमानीचा एक्स, वाय, रुंदी, उंची तिच्यापाशी असते, पण स्वतःला काढायचं कसं हे ती दर वेळी क्लासला विचारते. म्हणून क्लासमधली एक मेथड, म्हणजे काम करायची कृती, दुरुस्त केली की सगळ्या कमानी सुधारतात. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँडच्या स्केचपॅड या चित्र काढायच्या प्रोग्राममध्येही हेच होतं: मूळ आकृती एकदा काढायची, तिच्या प्रती हव्या तिथे मांडायच्या, मूळ बदललं की प्रतीही बदलायच्या. डाल आणि नायगार्ड यांची सिम्युला ६७ ही क्लास असलेली भाषा त्यानंतरची. तुम्हाला मात्र चार व्याख्या पाठ करायला देतात.

तेव्हा ‘कमान’ नावाचा क्लास कर. इनिटमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या मेथडमध्ये, कॅनव्हास (चित्राची जागा), एक्स, वाय, रुंदी, उंची घे आणि प्रत्येक गोष्ट सेल्फला, म्हणजे त्या ऑब्जेक्टलाच, लावून ठेव. (पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, पण सबमिशनला नको. लॅबच्या मशीनवर जोडाक्षरं कशी दिसतील सांगता येत नाही.) मग कमानी मांडायला फॉर लूपच्या दोन ओळी पुरतात. एक्स म्हणजे ४० अधिक क्रमांक गुणिले ९०. कमान ८० रुंद, मधे १० चा खांब.

तुझ्या कमानी बसक्या का येतात तेही बघितलं. कमान काढणाऱ्या क्रिएट आर्कला तू देतेस तो चौकोन अख्ख्या लंबवर्तुळाचा असतो, अर्ध्याचा नव्हे. ६० उंचीची कमान हवी तर चौकोन १२० उंच द्यायचा. तू ६० दिलास म्हणून कमान ३० ची झाली. स्टार्ट ०, एक्स्टेंट १८०, आणि स्टाइल आर्क. स्टाइल सांगितली नाही तर पिझ्झाच्या तुकड्यासारख्या मधल्या रेषा येतात. इथे कोन अंशांत चालतात. लाटांसाठी साइन वापरशील तिथे रेडियन लागतात, तेवढं लक्षात ठेव.

पाण्याची पट्टी उलटी होतेय, कारण कॅनव्हासवर शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं आणि वाय खाली वाढतो. खिडकी ५२० उंच आहे, तर नदीचा तळ ५०० वर धर आणि एका फुटाला ८ पिक्सेल दे. वाय म्हणजे ५०० वजा फूट गुणिले ८. इशाऱ्याची ४० फुटांची रेघ १८० वर येईल, धोक्याची ४५ ची १४० वर. वजाच्या जागी अधिक केलंस तर रेघ ८२० वर, म्हणजे खिडकीबाहेर जाते. एरर येत नाही, नुसतं काही दिसत नाही, आणि माणूस रात्रभर शोधत बसतो.

रात्रभर म्हटल्यावर आठवलं. तू पहाटेपर्यंत बसतेस, हे मला श्रावणीकडून कळलं. प्रोग्राममधल्या होड्यांच्या मागच्या रेषा एकमेकींत गुंतत होत्या, तेच शोधत होतीस म्हणे. मला एक फोन केला असतास तर? ‘मार्ग’ ही रिकामी यादी तू थेट क्लासखाली लिहिलीस, इनिटच्या बाहेर. अशी यादी सगळ्या होड्यांत मिळून एकच असते. ती इनिटमध्ये सेल्फला लावून लिही, म्हणजे प्रत्येक होडीला स्वतःची मिळेल. एका ओळीची जागा बदलायची होती, केतू. हे न कळणं यात कमीपणा नाही, बऱ्याच मुलांचं इथे अडतं. तू अडलीस की गप्प बसतेस, मला त्याची काळजी वाटते.

असो. ठरवूनही तिकडेच गेले.

पूल हा वेगळा क्लास कर आणि त्याच्यात कमानींची यादी ठेव. तू पूल कमानीपासून वारशाने (इनहेरिटन्सने) घेतलास, ते काढून टाक. पुलात कमानी असतात, पूल स्वतः कमान नसतो. इनहेरिटन्स शिकवलंय म्हणून ते वापरलंच पाहिजे असं नाही. ‘होडी’ आणि तिच्यापासून ‘मोटरबोट’ एवढं कर, पुरे. मोटरबोटच्या इनिटमध्ये सुपरचा, म्हणजे होडीचा, इनिट बोलवायला विसरू नकोस, नाहीतर एक्स सापडत नाही म्हणून अ‍ॅट्रिब्यूट एरर येईल.

होडी हलवताना दर वेळी नवी काढू नकोस. जुनी पुसली जात नाही, कॅनव्हासवर आकृत्या साठतात आणि थोड्या वेळाने सगळं रखडतं. एकदा काढून मिळालेला आयडी जपून ठेव आणि मूव्हने हलव. पाण्याचा आयत कोऑर्ड्सने वरखाली कर. मधे स्लीप टाकलंस तर खिडकी गोठते. ठरावीक वेळाने मेथड बोलवणारं आफ्टर वापर, ४० मिलिसेकंद ठीक आहेत. आफ्टरला मेथडचं नाव कंसाशिवाय द्यायचं. कंस लावलेस तर थांबणं होतच नाही. मेथड तिथल्या तिथे स्वतःला बोलवत सुटते आणि रिकर्शन एरर येते.

पट्टीवर ५७ फुटांना तू लाल ठिपका दिलायस, ते बघून मी थोडा वेळ स्क्रीन बंद केली. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात मिरजेला आत्याकडे तू कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने फूट-इंच लिहायचीस आणि दोन आकड्यांची वजाबाकी करायचीस. आपल्या गल्लीत किती फुटांना पाणी शिरतं ते तुला पाठ होतं. घरात पाणी गेल्याचं कुणी तुला सांगितलं नव्हतं. तुझं तू ओळखलंस, आणि एक शब्द बोलली नाहीस. आजोबा सगळ्यांना सांगत होते, पोरीचं गणित बघा. मला तेव्हा गणितापेक्षा तुझ्या गप्प बसण्याची भीती वाटली होती.

लेक्चर फार झालं, माफ कर. शिकवायची सवय सुटत नाही. ठिपका पुसू नकोस, फक्त त्याचा वाय ४४ कर, आत्ता तो चुकीच्या जागी आहे.

एरर आली तर खालून वाच, खरं कारण शेवटच्या ओळीत असतं. तेवढी एक ओळ मला वाचून दाखव, मी किती वाजता फोन केलास ते विचारणार नाही. जेवलीस का तेही विचारणार नाही. निदान लगेच तरी नाही.

तुझी,
आई

ता. क. कमान आणि होडीचे क्लास वेगळ्या फाइलीत ठेव, पुढच्या सेमिस्टरला उपयोगी पडतील. खिडकी उघडायच्या ओळी त्या फाइलीत मोकळ्या ठेवू नकोस, नाहीतर नुसतं इम्पोर्ट केल्यावरही खिडकी उघडेल. ‘इफ नेम मेन’च्या ओळीखाली घाल, म्हणजे फाइल थेट चालवलीस तरच त्या चालतील. आणि फाइलला टीकेइंटर किंवा टर्टल या चित्र काढायच्या लायब्ररींचं नाव देऊ नकोस. पायथन लायब्ररी सोडून तुझीच फाइल उघडतो.