कायदेशीर साहाय्य निधीसाठी तालुक्यातील नागरिकांना आवाहन

सप्रेम नमस्कार. राजकीय हेतूने खटल्यात गोवल्या गेलेल्या तालुक्यातील नागरिकांसाठी आमची समिती कायदेशीर साहाय्य निधी उभारत आहे.

१८९७ साली लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा पहिला खटला मुंबई उच्च न्यायालयात उभा राहिला, तेव्हा त्यांच्या बचावासाठी कलकत्त्यात वर्गणी जमली आणि तिकडून बॅरिस्टर पाठवण्यात आले. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष. आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ मध्ये सात विरुद्ध दोन अशा कौलाने त्यांना सहा वर्षांसाठी मंडालेला धाडण्यात आले. विरोधकाला वादात हरवता येत नसेल तर त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे, ही रीत महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. ते सरकार परके होते, एवढे म्हणून मात्र आपली सुटका होत नाही.

२०२२ हे एकच वर्ष पाहावे. एप्रिलमध्ये हनुमान चालिसा पठणाच्या घोषणेवरून खासदार नवनीत राणा आणि आमदार रवी राणा यांना मुंबई पोलिसांनी अटक केली व राजद्रोहाचे कलमही लावले. विशेष न्यायालयाने जामीन देताना हे कलम प्रथमदर्शनी लागू होत नसल्याचे म्हटले. त्यानंतर राज्यात सत्ता बदलली आणि खासदार संजय राऊत यांना ईडीने (केंद्राच्या सक्तवसुली संचालनालयाने) मुंबईतील पत्राचाळ पुनर्विकासाच्या प्रकरणात अटक केली. सुमारे शंभर दिवसांनी विशेष न्यायालयाने त्यांना जामीन देताना ही अटक बेकायदेशीर असल्याचे नमूद केले. ईडीने त्या आदेशाला लगेच उच्च न्यायालयात आव्हान दिले. दोन्ही वेळी सत्ताधारी वेगळे होते, यंत्रणा वेगळ्या होत्या, आणि ज्या पक्षाचा माणूस आत गेला त्याच पक्षाला तेवढा गैरवापर दिसला. आमची समिती सर्वपक्षीय नागरिकांची व वकिलांची आहे ती याच कारणाने.

मोठ्या नेत्यांच्या मागे नामवंत वकील असतात आणि त्यांच्या अटकेची बातमी होते. तालुक्याच्या न्यायालयात जे चालते त्याची बातमी होत नाही. आमच्याकडे आलेल्या एका ग्रामपंचायत सदस्य महिलेने ग्रामसभेत पाणीपुरवठ्याच्या बिलांचा हिशेब मागितला होता, आणि त्यानंतर त्यांच्यावर शासकीय कामात अडथळा आणल्याचा गुन्हा नोंदवला गेला. गावातल्या एका शेतकऱ्याने जामीनदार म्हणून सातबारा दिला, परंतु दुसऱ्याच दिवशी तो ओशाळून कागद परत मागायला आला. त्याला कोणी गाठले होते हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पुढे दर तारखेला या बाई मजुरी बुडवून, एसटीने, सकाळी अकराच्या आत न्यायालयात हजर राहत आल्या आहेत. कधी साक्षीदार येत नाही, कधी सरकारी पक्ष मुदत मागतो, आणि दुपारी पुढची तारीख कागदावर लिहून घेऊन त्या परततात. एखादी तारीख चुकली तर वॉरंट निघण्याची भीती असते. उद्या त्या निर्दोष सुटल्या तरी गेलेली वर्षे आणि बुडालेली मजुरी कोणताही आदेश भरून देणार नाही. याहून मोठे नुकसान गावाचे झाले आहे, कारण त्यानंतरच्या ग्रामसभांत बिलांविषयी कोणी तोंड उघडलेले नाही.

याच्या जोडीला निवडणुकीचा कायदा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(३) नुसार दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेला लोकप्रतिनिधी अपात्र ठरतो, आणि अपील दाखल करून पद टिकवण्याची सवलत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या लिली थॉमस निकालाने रद्द केली. तो निकाल योग्य होता असेच आमचे मत आहे. गुन्हेगारांनी कायदे करू नयेत. पण त्यामुळे खोट्या फिर्यादीचे मोलही वाढले, हे नाकारता येत नाही. राहुल गांधी यांची खासदारकी मार्च २०२३ मध्ये सुरतच्या बदनामी खटल्यातील निकालानंतर दुसऱ्याच दिवशी गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिल्यावर ऑगस्टमध्ये परत मिळाली. तोवर त्यांच्या वायनाड मतदारसंघाला लोकसभेत प्रतिनिधी नव्हता.

तालुका विधी सेवा समितीकडून महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, कोठडीतील आरोपींना आणि उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांना मोफत वकील मिळतो, आणि पात्र व्यक्तीला आम्ही प्रथम तिकडेच पाठवतो. या मर्यादेच्या थोडे वर असलेल्यांची, तसेच प्रवास व बुडालेल्या रोजगाराची सोय मात्र कोठेच नाही. निधी त्यासाठी हवा आहे. प्रत्येक अर्जावर तीन ज्येष्ठ वकील फिर्याद व कागदपत्रे वाचून मत देतील. अपहार, लाच, मारहाण किंवा स्त्रियांवरील अत्याचाराच्या आरोपात निधीतून मदत होणार नाही. त्या खटल्यांचा निवाडा न्यायालयातच व्हावा. अर्जदाराचा पक्ष विचारला जाणार नाही.

देणगी धनादेशाने किंवा बँकेतूनच स्वीकारली जाईल व तिची पावती मिळेल. राजकीय पक्ष, विद्यमान पदाधिकारी आणि निवडणुकीतील उमेदवार यांच्याकडून देणगी घेतली जाणार नाही. जमाखर्च दर तिमाहीला समितीच्या फलकावर लावला जाईल. पैसे देणे ज्यांना शक्य नाही त्यांनी जामीनदार म्हणून नाव नोंदवावे, कारण सध्या सर्वाधिक अडचण तीच आहे. सातबारा किंवा मालमत्तेचा उतारा आणि आधार कार्ड सोबत आणावे. मराठी टंकलेखन येणाऱ्यांची, तसेच तारखेच्या दिवशी आरोपीसोबत न्यायालयात येऊन बसू शकणाऱ्या सेवानिवृत्तांचीही गरज आहे. नावनोंदणी समितीच्या कार्यालयात रोज सायंकाळी पाच ते सात या वेळेत होईल.

आपले,
समितीचे पदाधिकारी व सभासद