पुड्याची मागची बाजू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला सजग खरेदीवरचा लेख वाचला. वस्तू उचलण्याआधी तीन प्रश्न विचारा, असा त्याचा सल्ला होता: ती तब्येतीला बरी आहे का, ती तयार होताना कुणाची पिळवणूक झाली नाही ना, आणि ती खिशाला परवडते का. लेख मनापासून लिहिलेला होता, तरी वाचून थोडा राग आला. तीस वर्षं आमच्या घरचं वाणसामान पत्नीने आणलं आणि मी फक्त ‘हे का नाही आणलं?’ एवढंच विचारत आलो. निवृत्त झाल्यावर पिशवी माझ्या हातात आली. तेव्हा कळलं की या तीन प्रश्नांपैकी एकाचंच उत्तर ठळक छापलेलं असतं, ते म्हणजे किंमत.

तीही सरळ नसते. पुडा तेवढाच दिसतो, किंमत तीच असते, आतलं वजन मात्र कमी झालेलं असतं. हे मला फार उशिरा लक्षात आलं. आता मी शंभर ग्रॅमचा भाव काढतो. मोठा पुडा नेहमीच स्वस्त पडतो हा माझा समज त्या गुणाकार-भागाकारात अनेकदा खोटा ठरला.

आरोग्याचं उत्तर मागच्या बाजूला असतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. ‘अहो, पुढची बाजू विकणाऱ्याची, मागची आपली,’ असं पत्नीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, असा संकेत अन्नाचे आंतरराष्ट्रीय मानदंड ठरवणाऱ्या कोडेक्स संस्थेने घालून दिला आहे आणि बहुतेक ठिकाणी तो पाळला जातो. म्हणून पहिली तीन नावं वाचली की पुष्कळ कळतं. त्यातही पळवाट आहेच. साखर एकाच नावाने लिहिली तर ती पहिल्या क्रमांकावर येईल. ती साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज अशी तिघांत वाटली की प्रत्येकजण खाली सरकतो आणि वर धान्याचं नाव मिरवतं. दुसरी गंमत ‘एका वेळच्या प्रमाणा’ची. आकडे दिलेले असतात दोन बिस्किटांचे. दोन बिस्किटांवर थांबणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं आणि वरून घातलेल्या साखरेसारख्या मोकळ्या साखरांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी. हे दुकानात उभं राहून कसं मोजायचं?

आता लेखातलं जे वाक्य मला टोचलं त्याकडे येतो. ‘आरोग्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायची तयारी ठेवा.’ अमेरिकेत २०१९ मध्ये केविन हॉल यांच्या गटाने २० जणांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं. हवं तेवढं खायची मुभा दोन्ही वेळी होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि त्यांची वजनं वाढली. इथपर्यंतचा भाग सगळे सांगतात. त्याच अभ्यासातला एक आकडा मात्र सहसा कुणी सांगत नाही: तेवढ्याच कॅलरींचं साधं जेवण अतिप्रक्रिया केलेल्या जेवणापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी महाग पडलं होतं. शिवाय ते रांधायला, निवडायला, चिरायला वेळ लागतो तो वेगळाच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्नविषयक अहवालानुसार २०२४ मध्ये जगातल्या सुमारे २६० कोटी लोकांना सकस आहार परवडत नव्हता. त्यांना ‘थोडे जास्त मोजा’ असं सांगणं म्हणजे उपाशी माणसाला सावकाश चावून खा म्हणण्यासारखं आहे.

आणि तिसरा प्रश्न, न्याय-अन्यायाचा. त्याचं उत्तर पुड्याच्या पुढे नाही, मागे नाही, कुठेच नाही. काही अपवाद आहेत आणि ते पाहिले की वाटतं, मनात आणलं तर हे किती सोपं आहे. युरोपीय संघात अंड्याच्या कवचावर आकड्यांचा शिक्का असतो. पहिला आकडा ० म्हणजे सेंद्रिय पद्धत, १ म्हणजे कोंबड्यांना बाहेर फिरायला मोकळीक, २ म्हणजे शेडमध्ये पण पिंजऱ्याविना, ३ म्हणजे पिंजरा. चष्मा विसरलेल्या माणसालाही एक आकडा वाचता येतो. कॉफीच्या पाकिटावर रास्त व्यापाराचा शिक्का नेदरलँड्समध्ये १९८८ साली आला. उत्पादकाला किमान भाव मिळावा हा त्यामागचा विचार आजही मला पटतो.

पण कोकोचं पाहा. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. मुलांना राबवण्याचे सर्वांत वाईट प्रकार बंद करू, असं चॉकलेट उद्योगाने २००१ मध्ये लेखी कबूल केलं. ठरलेली मुदत टळली, पुढच्याही टळल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या दोन देशांत कोकोच्या कामात सुमारे १५ लाख ६० हजार बालकामगार असल्याचा अंदाज निघाला. चॉकलेटच्या वेष्टनावर यातलं एक अक्षर नसतं आणि जाब मात्र मी स्वतःला विचारायचा!

बरं, मनाशी ठरवून काही टाळावं, तर तेही अंगाशी येऊ शकतं. पाम तेलासाठी जंगलं तोडली गेली, म्हणून ते टाळा म्हणतात. पण तेवढ्याच जमिनीतून पाम जितकं तेल देतो त्याच्या जवळपासही सोयाबीन किंवा सूर्यफूल पोहोचत नाही. सगळे दुसऱ्या तेलाकडे वळले तर जमीन आणखी लागणार. लांबून आलेलं अन्न वाईट, हेही तसंच. पूर आणि नेमेचेक या दोन अभ्यासकांनी २०१८ मध्ये ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केली. अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा जेमतेम ६ टक्के निघाला. अन्न किती लांबून आलं यापेक्षा ते काय आहे आणि कसं पिकवलं याने जास्त फरक पडतो. विमानाने आलेली नाजूक फळं-भाज्या हा अपवाद. सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अंश कमी सापडतात, पण त्याने पोषण फार वाढतं असा भक्कम पुरावा नाही आणि एकरी उत्पादन सरासरीने कमी येतं. म्हणजे ‘सेंद्रिय’ या एका शब्दाला तिन्ही प्रश्नांची उत्तरं तीन दिशांची आहेत.

यावर कुणी म्हणेल, मग काहीच करू नका. तसं नाही. १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार थांबवण्याचा प्रस्ताव फेटाळला तेव्हा तिथल्या हजारो घरांनी गुलामांच्या श्रमाची साखर सोडली. थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाने सुमारे ३ लाख माणसं त्यात होती आणि घरात काय यायचं हे ठरवणाऱ्या बायकांचा त्यात मोठा भाग होता, ज्यांना मताचा अधिकारही नव्हता. हे मला फार मोठं वाटतं. मात्र व्यापारावर बंदी आली ती १८०७ च्या कायद्याने. चहात साखर न घालणाऱ्यांनी त्या कायद्यासाठी अर्जही केले होते, सह्याही गोळा केल्या होत्या. आपल्या लेखात चहा होता, अर्ज नव्हता.

ट्रान्स फॅटचं, म्हणजे कारखान्यात तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या आणि हृदयाला घातक ठरणाऱ्या चरबीचं, उदाहरण तर अगदी अलीकडचं आहे. डेन्मार्कने २००३ मध्ये मर्यादा घातली: १०० ग्रॅम चरबीत २ ग्रॅमपेक्षा जास्त नको. उत्पादकांनी कृती बदलल्या, पदार्थ दुकानांत तसेच राहिले आणि ग्राहकाला चष्मा लावून काही वाचायची गरज उरली नाही. श्रीमंत-गरीब दोघांच्या पिशवीतून ते सारखंच गेलं.

मी स्वतः काय करतो ते सांगतो, आदर्श म्हणून नव्हे. यादीतल्या तीस वस्तूंचा न्यायनिवाडा करणं मी सोडलं. जे चार-पाच जिन्नस दर आठवड्याला घरात येतात त्यांची एकदाच नीट चौकशी केली, निर्णय घेतला आणि पुन्हा डोकं घातलं नाही. सणावाराच्या वस्तूला माफी. आणि आणलेलं वाया जाऊ द्यायचं नाही, यावर मात्र मी हट्टी झालोय. २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अहवाल सांगतो. फ्रिजमध्ये मागे ढकलून सडवलेल्या भाजीत पैसेही गेले, पोषणही गेलं आणि कुणाची तरी मेहनतही. इथे तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच येतं, तेही मागची बाजू न वाचता. चॉकलेट मात्र मी नातवासाठी अजून आणतो, बिनशिक्क्याचंच, कारण शिक्क्याचं महाग पडतं. ते पिशवीत टाकताना काय वाटतं ते माझं मला ठाऊक.

एक विनंती. पुढच्या लेखात हेच तीन प्रश्न पुडा भरणाऱ्यालाही विचारा आणि त्याचं उत्तर छापा. ज्या पानावर तो लेख होता त्याच पानाखाली अर्धं पान एका न्याहारीच्या पदार्थाची जाहिरात होती. हिरवं पान, हसरं मूल, ‘नैसर्गिक’ हा शब्द दोनदा. दुसऱ्या दिवशी दुकानात तो पुडा उलटा करून पाहिला. साखर तीन नावांनी होती.

आपला,
एक नियमित वाचक