मिल्टन ब्राऊनचं नावही घ्या

संपादक साहेब, वेस्टर्न स्विंग, म्हणजे अमेरिकन कंट्री संगीत आणि जॅझ यांचं नाचायला लावणारं मिश्रण, म्हटलं की सगळे बँडलीडर बॉब विल्सचंच नाव घेतात, पण टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या मिल्टन ब्राऊनने १९३२ मध्येच लाइट क्रस्ट डोबॉइज हा बँड सोडून म्युझिकल ब्राऊनीज हा स्वतःचा बँड काढला, त्यात फिडलसोबत (म्हणजे व्हायोलिनसोबत) जॅझचा पियानो घेतला आणि क्रिस्टल स्प्रिंग्जच्या डान्स हॉलमध्ये लोकांना अक्षरशः नाचवलं. १९३५ च्या डेक्का कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये याच बँडमधल्या बॉब डनची इलेक्ट्रिक स्टील गिटार ऐका, काय धारदार वाजवलीय! आणि मिल्टनचा आवाज तर एकदम मोकळा, कुठे ओढूनताणून नाही. १९३६ च्या एप्रिलमध्ये कार अपघातानंतर तो गेला, वय फक्त ३२, तरी शंभरावर गाणी रेकॉर्ड करून गेला हो. तुमच्या संगीत पुरवणीत त्याच्यावर एक नीट लेख यायलाच हवा.