यलोवरच्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे जाहीर पत्र. न्यूयॉर्कजवळच्या बेथपेजच्या ‘यलो’ नावाच्या गोल्फ कोर्सवर जिचा चेंडू झाडाला आपटून परत पायाशी आला आणि तोंडून ‘अगं बाई!’ निघालं, ती मी. मागून तुम्ही विचारलंत, ‘मराठी का?’

त्याआधीचं रामायण तुम्हाला सांगितलं नव्हतं. तिथल्या पाच कोर्सांपैकी ऑफिसातल्या मंडळींनी मला पहिल्यांदा नेलं ते थेट ब्लॅकवर. तिथे २००२ आणि २००९ची यूएस ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा झालेली, त्यामुळे सगळ्यांना फोटो हवा! सुरुवातीलाच पाटी आहे, की कोर्स अत्यंत अवघड, निष्णात खेळाडूंनीच खेळावा. त्या पाटीखाली दात काढून फोटो काढला आणि आत शिरलो. कोर्सवर फिरायला गाडी नाही, सगळं पायी. चौथ्या होलच्या बंकरमध्ये मी किती वेळा वाळू उपसली ते मोजणंच सोडून दिलं. मागचा गट कमरेवर हात ठेवून उभा. आणि आमचे दर्दी म्हणतात, ‘असंच शिकतात.’ अहो, पोहायला शिकवताना विहिरीत ढकलणारासुद्धा काठावर थांबतो. हे पुढच्या होलला निघून गेले होते.

तुम्ही विचारलंत, ‘ड्रायव्हर किती जातो?’ ड्रायव्हर म्हणजे लांब मारायची काठी. म्हटलं, दीडशे यार्ड, तेही देव पावला तर. ‘मग तुला अठरा होलना मिळून साडेतीन-पावणेचार हजार यार्ड पुरे. मागच्या टीवरून कशाला मारतेस?’ टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा; मागची लांबची, पुढची जवळची. स्कोअरकार्डावरचा स्लोपचा, म्हणजे साध्या खेळाडूला कोर्स किती अवघड जाईल त्याचा, आकडा दाखवलात. ११३ म्हणजे मध्यम, १५५ म्हणजे कमाल. मला तो आजवर छपाईचा काहीतरी नंबर वाटायचा!

पण आभार त्याचे नाहीत. मी खाली मान घालून पुढच्या टीकडे निघाले, तेव्हा तुम्ही चेंडू ठेवायला जमिनीत रोवलेली स्वतःची लाकडी खुंटी (तिलाही टीच म्हणतात) उपटलीत, शर्टाच्या खिशात टाकलीत आणि माझ्याबरोबर चालत आलात. काही न बोलता. अठराही होल तुम्ही तिथूनच खेळलात. मला एकटीला ‘बायकांच्या टीवर’ धाडलं असतंत, तर मी सरळ गाडी काढून घरी गेले असते. ज्याला येतं त्याने न येणाऱ्याशेजारी येऊन उभं राहायचं, तेही उपकाराचा चेहरा न करता, हे किती जणांना जमतं? आमच्या दर्दींना तर नाहीच.

तुमची एक लाकडी टी माझ्या बॅगेत आलीय. टोक मोडलंय, पण ठेवलीय.

तुमची,
अगं बाई